मुलांकडे अमेरिकेला एकट्याने निघताना : ज्येष्ठ प्रवाशांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आईवडील इकडे पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात, आणि दोघांपैकी एकालाच जायचे आहे, अशी वेळ मराठी घरांत आता वारंवार येते. कधी जोडीदार हयात नसतो, कधी त्याची प्रकृती साथ देत नाही, तर कधी लेकीचे बाळंतपण असते आणि घरी कोणाला तरी थांबणे भाग असते. अशा प्रवासाची सगळी तयारी बहुधा मुलेच तिकडून करतात. तिकीट, विमा, व्हीलचेअर, विमानातले जेवण हे सारे त्यांच्या फोनवरून ठरते आणि प्रत्यक्ष जाणाऱ्याच्या हाती निघण्याच्या आदल्या दिवशी छापील कागदांचा गठ्ठा पडतो. माझ्या मते एकट्या ज्येष्ठ प्रवाशाची निम्मी अडचण इथेच तयार होते. विमानात बसल्यावर फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे जाताना, कारण तिथे घरचे कोणी सोबत येऊ शकत नाही आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फक्त मुलाला ठाऊक असते. म्हणून तयारी मुलांनी जरूर करावी, पण प्रत्येक कागद कशासाठी आहे हे जाणाऱ्याने स्वतः समजून घ्यावे.

तिकीट ठरवताना

थेट विमान मिळत असेल आणि परवडत असेल तर प्रश्नच नाही. एक बदल करावा लागणार असेल, तर तो कुठे होतो हे तिकिटाच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकेचा नियम असा आहे की त्या देशात जिथे पहिल्यांदा विमान उतरते, तिथेच इमिग्रेशन होते, तिथेच सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उचलाव्या लागतात आणि कस्टम्समधून बाहेर आल्यावर पुढच्या विमानासाठी त्या पुन्हा सोपवाव्या लागतात. बॅगेवरच्या चिठ्ठीवर शेवटच्या शहराचे नाव असले तरी हे चुकत नाही. त्यामुळे मुंबईहून थेट न्यूयॉर्क आणि तिथून देशांतर्गत विमानाने मुलाच्या गावी, या मार्गापेक्षा दोहा, दुबई किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलून सरळ मुलाच्या शहरी उतरणे एकट्या माणसाला पुष्कळ सोपे जाते. मधल्या विमानतळावर बॅगांना हात लावावा लागत नाही आणि अमेरिकेत उतरल्यावर दाराबाहेर घरचे माणूस उभे असते.

अबू धाबीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात चढण्यापूर्वीच उरकते. २०१४ पासून ही सोय आहे आणि डब्लिन येथेही ती आहे. अमेरिकेत उतरल्यावर मग देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडता येते. मात्र ही रांग मधल्या थांब्यातच लागते, म्हणून तिथे चार तास तरी हाताशी असावेत. इतर ठिकाणी तीन तासांचा थांबा पुरेसा होतो. दीड-दोन तासांचा थांबा स्वस्त तिकिटात मिळाला तरी घेऊ नये.

संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असला पाहिजे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटे जोडून काही हजार रुपये वाचतात, पण पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी उरत नाही. ज्याच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा आहे त्याला वाटेतल्या बहुतेक देशांत वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. तरीही तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे, आणि लंडनसारख्या शहरात एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघणारे तिकीट तर मुळीच घेऊ नये.

तिकीट काढतानाच दोन गोष्टी नोंदवाव्यात. पहिली व्हीलचेअर, जी विनामूल्य असते. तुम्ही रोज टेकडी चढत असाल तरी ती मागण्यात कमीपणा नाही, कारण तिच्यासोबत एक माणूस मिळतो, आणि त्या अवाढव्य विमानतळावर खरी गरज त्या माणसाची असते. जिने चढता येतात की नाहीत, आसनापर्यंत चालता येते की नाही, हे नोंदवताना खरे सांगावे. त्यावरून सोय ठरते. दुसरी गोष्ट जेवणाची. तिथल्या यादीत ‘हिंदू मील’ असे दिसले की आपल्याला ते शाकाहारी वाटते, पण त्यात गोमांस नसते एवढेच, मांसाहार असतोच. शाकाहारी व्यक्तीने ‘एशियन व्हेजिटेरियन’ हा प्रकार निवडावा, ज्याचा संकेत एव्हीएमएल असा असतो. जैन आणि मधुमेही जेवणाचे प्रकारही वेगळे मागता येतात. मागणी किमान दोन दिवस आधी नोंदलेली असावी. आसन कडेचे, म्हणजे वाटेलगतचे, आणि स्वच्छतागृहापासून फार दूर नसलेले घ्यावे. खिडकीतून चौदा-पंधरा तास दिसत काहीच नाही.

कागदपत्रे

पासपोर्ट, जुन्या पासपोर्टात व्हिसा असेल तर तो जुना पासपोर्टही, जाण्या-येण्याचे तिकीट, विम्याचे पत्र आणि मुलाचा पूर्ण पत्ता एवढे कागद नेहमी अंगाशी असावेत. जुना पासपोर्ट रद्द झाला तरी त्यातला व्हिसा मुदतीत असेल तर चालतो, मात्र दोन्ही पुस्तिका सोबत दाखवाव्या लागतात आणि व्हिसाचे पान काढून नव्या पासपोर्टाला चिकटवण्याचा उपद्व्याप कधीही करू नये. तिकिटावरचे नाव पासपोर्टाबरहुकूम आहे का, हे अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. आपल्याकडे माहेरचे आडनाव, सासरचे आडनाव आणि मध्ये पतीचे नाव अशी भर पडत गेलेली असते. पासपोर्टात जे छापले आहे तेच तिकिटावर हवे, मग आधारवर किंवा बँकेच्या खात्यावर काहीही असो.

याशिवाय एक साधा, ए-४ आकाराचा कागद तयार करावा. त्यावर वर ठळक अक्षरांत तुमचे पासपोर्टातले नाव, खाली मुलाचे नाव, पिन कोडसारखा तिकडचा झिप कोड धरून पूर्ण पत्ता, दोन फोन क्रमांक आणि भारतातला एक क्रमांक असावा. त्याखाली विमानांचे क्रमांक व वेळा, विम्याचा क्रमांक आणि मदतीचा फोन, मोठे आजार आणि औषधांची जातिवाचक नावे लिहावीत. मजकूर इंग्रजीत आणि प्रत्येक ओळीखाली त्याचा अर्थ मराठीत असा ठेवला, तर समोरचा अधिकारी आणि तुम्ही दोघेही तो वाचू शकता. त्याची एक प्रत पर्समध्ये, एक मोठ्या बॅगेत आणि एक घरी ठेवावी. चेक-इनच्या वेळी कंपनीचा माणूस अमेरिकेतला पत्ता विचारतोच. नेमक्या त्या वेळी फोन बंद पडला म्हणून रांग खोळंबण्याचे प्रसंग या एका कागदाने टळतात.

विमा आणि औषधे

अमेरिकेत पाहुण्याला कोणतेही सरकारी आरोग्य संरक्षण मिळत नाही आणि एका रात्रीच्या रुग्णालयाचे बिल इकडच्या वर्षभराच्या पेन्शनहून मोठे होऊ शकते. म्हणून विम्यात काटकसर करू नये. पॉलिसी पाहताना ती दोनपैकी कोणत्या प्रकारची आहे हे विचारावे. एका प्रकारात प्रत्येक तपासणीला आणि प्रत्येक दिवसाला ठरावीक रक्कमच मिळते आणि उरलेले बिल खिशातून जाते. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीची ठरलेली रक्कम तुम्ही भरल्यावर पुढचा बराचसा खर्च कंपनी उचलते. पहिला प्रकार स्वस्त असतो आणि ऐन वेळी महाग पडतो. त्यानंतरचा प्रश्न आधीपासून असलेल्या आजारांचा. रक्तदाब, मधुमेह किंवा अँजिओप्लास्टी झालेली असेल, तर त्या आजाराने अचानक गंभीर रूप घेतल्यास काय मिळेल आणि किती वयापर्यंत मिळेल, हे पॉलिसीच्या मजकुरात वाचून घ्यावे. एजंटने फोनवर दिलेल्या आश्वासनावर विसंबू नये. आजार लपवून घेतलेली पॉलिसी म्हणजे फुकट गेलेला हप्ता.

भारतीय डॉक्टरांची चिठ्ठी अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानात चालत नाही, त्यामुळे नेहमीची औषधे इथूनच न्यावी लागतात. स्वतःच्या वापरापुरता साधारण ९० दिवसांचा साठा नेण्याचा संकेत आहे; मुक्काम त्याहून मोठा असेल तर डॉक्टरांचे तसे स्पष्ट पत्र सोबत ठेवावे. गोळ्या मूळ पाकिटात असाव्यात. आठवड्याच्या डबीत भरून नेलेल्या पांढऱ्या गोळ्या कशाच्या आहेत हे कोणीच सांगू शकत नाही. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव नव्हे, तर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपले ब्रँड तिकडे कोणाला ठाऊक नसतात, आणि आपल्या पॅरासिटामॉललाही तिथे अ‍ॅसिटअमिनोफेन म्हणतात. सगळी औषधे केबिनच्या बॅगेतच हवीत. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच ठेवू नये, कारण विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते.

वेळेचा फरक पूर्व किनाऱ्याशी उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा, तर पश्चिम किनाऱ्याशी साडेबारा आणि साडेतेरा तासांचा असतो. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी प्रवासाच्या दिवशी नेमकी केव्हा घ्यायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून भारतीय वेळेप्रमाणे लिहून घ्यावे आणि विमानात घड्याळ बदलू नये. वाटेत आखाती देशात थांबणार असाल, तर कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधे तिथे नियंत्रित यादीत आहेत हे लक्षात घेऊन ती आधीच बदलून मागावीत.

सामान

अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात आणि कोणतीही एक बॅग ३२ किलोंहून जड चालत नाही. दोन बॅगांची परवानगी आहे म्हणून त्या दोन्ही भरल्याच पाहिजेत असे मात्र नाही. एकट्याने पट्ट्यावरून २३ किलो उचलणे साठीनंतर सोपे नसते, म्हणून एकच बॅग आणि तीही वीस किलोंच्या आत, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

खरा घोळ खाण्याच्या पदार्थांत होतो. ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही, कारण तो लिंबूवर्गीय झाडांच्या कुळातला असून त्या झाडांना मारणारा रोग पसरवणारी कीड त्यावरून जाऊ शकते. तांदूळ आणि हरभरे यांनाही धान्यातल्या खाप्रा किड्यामुळे मनाई आहे, त्यामुळे आंबेमोहोराची पिशवी घरीच ठेवावी. हापूस आंबा २००७ पासून अमेरिकेत जातो हे खरे, पण तो लासलगावसारख्या केंद्रात विकिरण होऊन व्यापारी मार्गाने जातो. घरच्या पेटीतल्या आंब्यांना ती वाट खुली नाही. मांसाचे पदार्थ, सुकटीसारखे घरगुती वाळवण आणि बियाणे टाळावे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकट, म्हणून ज्वलनशील मानल्या जातात आणि त्या मुंबईतच काढून ठेवल्या जातात. खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे, तेव्हा दुबई किंवा अबू धाबीमार्गे जाणाऱ्याने खसखस लावलेले अनारसे नातवंडांसाठी कितीही हौसेने केलेले असले तरी नेऊ नयेत.

चकल्या, शेव, भाजलेला चिवडा, कंपनीचे सीलबंद मसाले यांची सहसा अडचण येत नाही. मेतकूट, भाजणी, सांबार मसाला अशी पूड मात्र मोठ्या बॅगेत ठेवावी. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरहून अधिक पूड केबिन बॅगेत असेल तर ती वेगळी तपासली जाते आणि खात्री न पटल्यास टाकून द्यावी लागते. लोणचे केबिनमध्ये चालत नाही. पॉवर बँक याच्या उलट, फक्त केबिनमध्येच चालते.

पैसे आणि फोन

रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येते, पण मुलाच्या घरी जाणाऱ्याला तीन-चारशे डॉलर पुष्कळ होतात. त्यात एक आणि पाचच्या नोटा मुद्दाम मागून घ्याव्यात. भारतीय कार्ड परदेशात वापरण्याची सोय मुळात बंद असते. ती बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करून घ्यावी. आपले सिम रोमिंगवर चालू ठेवावे, म्हणजे बँकेचे ओटीपी येत राहतात. इंटरनेट मात्र वेगळ्या पॅकशिवाय सुरू करू नये. परतीच्या टॅक्सीसाठी काही हजार रुपये बाजूला ठेवावेत. भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंत नेण्यास मुभा आहे.

निघण्याचा दिवस

पुण्याहून निघणाऱ्याने बोरघाटातल्या कोंडीचा हिशेब धरून मुंबईच्या टर्मिनल दोनवर उड्डाणाच्या चार तास आधी पोहोचावे. निर्गमन चौथ्या मजल्यावर आहे आणि दारावरच नातेवाइकांची साथ संपते, कारण आत फक्त तिकीटधारक जातात. व्हीलचेअर नोंदवलेली असली तरी ती दाराशी उभी असेलच असे नाही. आत जाऊन कंपनीच्या काउंटरवर ती मागावी लागते, आणि तोवर ट्रॉली स्वतः ढकलावी लागते. काउंटरवर तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मिळाले का, बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटच्या शहराचे चिन्ह आहे का, जसे शिकागोचे ओआरडी किंवा सॅन फ्रान्सिस्कोचे एसएफओ, आणि बॅगेची पावती बोर्डिंग पासवर चिकटवली का. पासवर एसएसएसएस अशी चार अक्षरे दिसली तर घाबरू नये. अधिक तपासणीसाठी तुमचे नाव निवडले गेले, इतकाच त्याचा अर्थ.

व्हीलचेअरवाला माणूस तुम्हाला कुठे तरी बसवून जातो आणि दुसरा येईल असे सांगतो, ही सार्वत्रिक पद्धत आहे. ‘किती वाजता येणार’ हे त्याच क्षणी विचारावे, गेटचा क्रमांक लिहून घ्यावा आणि उड्डाणाला तास उरला तरी कोणी आले नाही, तर गप्प न बसता जवळच्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवावा. संकोचाने बसून राहणाऱ्यांचीच विमाने चुकतात.

विमानात दर दोन तासांनी उठून चार पावले चालावे आणि पाणी पीत राहावे. पायांना सूज येण्याची सवय असेल तर दाबमोज्यांविषयी डॉक्टरांना विचारून ठेवावे.

इमिग्रेशनच्या खिडकीवर

इथे बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतात आणि तीन-चार साधे प्रश्न विचारतात: कशासाठी आलात, कोणाकडे उतरणार, मुलगा काय करतो, किती दिवस राहणार. उत्तरे खरी आणि थोडक्यात द्यावीत. परतीचे तिकीट तीन महिन्यांनंतरचे असेल तर ‘तीन महिने’ म्हणावे. ‘सहा महिने मिळतात ना’ असे म्हणू नये. पर्यटक व्हिसावर कोणतेही काम करता येत नाही, आणि आपण सहज ‘नातवाला सांभाळायला आले’ म्हणतो तेव्हा समोरच्याच्या कानावर ते नोकरीसारखे पडू शकते. तुम्ही लेकीला आणि नातवाला भेटायला आला आहात, हे खरे उत्तर पुरेसे आहे. इंग्रजी समजले नाही तर अंदाजाने ‘येस’ म्हणू नये. ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ असे सांगून दुभाषी मागता येतो. बाजूच्या खोलीत नेऊन बसवले तरी तो आरोप नसतो. तिथे फोन वापरू देत नाहीत, अशा वेळी पर्समधला ए-४ कागद कामी येतो.

बॅग घेतल्यावर कस्टम्सचा अधिकारी खाण्याचे काही आहे का, असे विचारतो. ‘आहे’ म्हणणे हेच योग्य उत्तर आहे. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर फार तर ती काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो. बॅग आलीच नाही, तर बाहेर पडण्यापूर्वी तिथल्याच काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तुम्हाला दारापर्यंत आणणाऱ्या व्हीलचेअरवाल्याला पाच-दहा डॉलर देण्याची तिकडे रीत आहे, आणि त्यासाठीच त्या सुट्या नोटा.

पोहोचल्यानंतर आणि परतताना

पहिल्या आठवड्यातच मुलाला आय-९४ ची नोंद सरकारी संकेतस्थळावरून काढून द्यायला सांगावी. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी या खेपेला किती दिवस राहता येईल हे त्या नोंदीतल्या तारखेवरून ठरते. ती बहुधा सहा महिन्यांची असते, पण पासपोर्टाची मुदत आधी संपत असेल तर कमीही असू शकते. ती तारीख उलटली तर व्हिसाच रद्द ठरतो. अधिक राहणे अटळ झाल्यास त्या तारखेपूर्वी मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो.

तातडीच्या मदतीचा क्रमांक ९११ आहे. तो आणि घराचा पत्ता फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, कारण दिवसभर मुले कामावर असताना तुम्ही घरात एकटेच असता. पासपोर्ट हरवल्यास पोलिसांत नोंद करून वॉशिंग्टनचा भारतीय दूतावास किंवा न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा, सिअ‍ॅटल अशा शहरांतल्या वकिलातींपैकी आपल्या भागाची जी असेल तिच्याकडे जावे.

परतताना अमेरिकेत बाहेर जाण्याचा शिक्का मारणारी खिडकी नसते. मुख्यतः विमान कंपनीच्या नोंदीवरून तुम्ही देश सोडल्याचे धरले जाते, म्हणून परतीचा बोर्डिंग पास पुढच्या खेपेपर्यंत जपून ठेवावा. परतीची तारीख आय-९४ च्या शेवटच्या दिवसाला खेटून ठेवू नये. हिवाळ्यात बर्फाच्या वादळाने विमाने दोन-दोन दिवस रद्द होतात, तेव्हा आठवडाभराचा अवधी आणि तितक्याच दिवसांची जादा औषधे केबिनच्या बॅगेत असावीत.